जुन्या पोलीस गाड्या घेऊन रूट ६६ : सुट्या भागांच्या आधी काय ठरवायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शिकागोजवळ राहणारी तुम्ही पाच मराठी कुटुंबं. तिघांकडे निवृत्त पोलीस गाड्या आहेत: १९७८ ची प्लिमथ फ्युरी, १९८९ ची शेव्हरले कॅप्रिस आणि २००८ ची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया (बोलताना ‘क्राउन विक’). उरलेल्या दोन घ्यायच्या आहेत. जुलैत मुलांच्या सुट्टीत शिकागोहून निघायचं, रूट ६६ हा जुना महामार्ग धरायचा आणि दहा दिवसांत कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाचा समुद्र गाठायचा, असा बेत आहे. तुम्ही विचारलंय एवढंच, की फ्युरीला एवढा पल्ला झेपेल का आणि सुटे भाग कोणते न्यावेत.

फ्युरीला झेपेल. सुट्या भागांचंही पुढे सांगते. पण मी ओक्लाहोमातल्या तुलसात राहते, याच गाड्यांची कामं करते आणि हौशी मंडळींच्या ताफ्यांची आखणी करून त्यांच्यामागे सामानाची व्हॅन घेऊन जाते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रवासातला सगळ्यात अवघड भाग इंजिन नाही. पाच पोलीस गाड्या एकामागोमाग रस्त्यावर आल्या की समोरचा माणूस त्यांना काय समजतो, हा तो भाग आहे. आपल्याकडे पूर्वी लाल दिव्याची गाडी दिसली की माणूस विचार न करता बाजूला व्हायचा, तसं इथे काळ्या-पांढऱ्या गाडीचं आहे. तुमच्या दृष्टीने ती हौस आहे. बघणाऱ्याला तिच्यात कायदा दिसतो, मदत दिसते, कधी धोका दिसतो, आणि तो त्याप्रमाणे वागून मोकळा होतो. त्या वागण्याचे परिणाम मात्र खरे असतात. त्यामुळे रस्त्यावरच्या एकाही माणसाचा गैरसमज होऊ नये, हे मी आधी बघते आणि बाकीचं त्यानंतर.

तरी पहिल्यांदा दिवसांचा हिशेब करू, कारण दिवसच चुकले तर पुढचं सगळं घाईत होतं. रूट ६६ ला ११ नोव्हेंबर १९२६ रोजी हा क्रमांक मिळाला. त्यामागे आमच्या तुलसाच्या सायरस एव्हरी यांची खटपट मोठी होती. शिकागो ते सँटा मोनिका, आठ राज्यं, साधारण २,४४८ मैल. जून १९८५ मध्ये हा महामार्ग सरकारी यादीतून काढला गेला, आणि तेव्हापासून तो सलग असा रस्ता राहिलेला नाही. कुठे तो इंटरस्टेटला, म्हणजे आजच्या मोठ्या वेगवान महामार्गाला, समांतर धावतो, कुठे गावाचा मुख्य रस्ता होतो, कुठे काउंटीचा (जिल्ह्याचा) खडबडीत रस्ता, आणि कुठे शेताच्या कुंपणापाशी चक्क संपतो. दहा दिवसांत करायचा म्हटलं तर रोज २४५ मैल पडतात. इंटरस्टेटवर ते चार तासांचं काम आहे. जुन्या रस्त्यावर मात्र वळणं, गावातले सिग्नल, चुकलेले फाटे आणि प्रत्येक पेट्रोल पंपावर गाडीभोवती जमणारी माणसं धरली तर आठ-नऊ तास सहज जातात.

फ्युरीसारखी जुन्या कार्ब्युरेटरची गाडी ताफ्यात असेल तर मी दिवसाला दीडशे ते पावणेदोनशे मैलांच्या वर आखणी करत नाही. म्हणजे पूर्ण रस्त्याला दोन आठवड्यांहून जास्त लागतात. तेवढी रजा नसेल तर रस्त्याचा एकच टप्पा करा, पण नीट करा. यात दोन पर्याय आहेत. मुलं लहान असतील तर शिकागो ते तुलसा, सुमारे सातशे मैल: गावं जवळजवळ, सावली भरपूर, गॅरेज हाताशी, आणि गाडी बिघडलीच तर घर एका दिवसाच्या अंतरावर. वाळवंट आणि घाटच बघायचे असतील तर गाड्या ट्रेलरवरून अल्बुकर्कीला पाठवा, स्वतः विमानाने या आणि तिथून पश्चिमेकडे चला. कोणता घ्यायचा हे मुलांच्या वयावर, रजेवर आणि खिशावर आहे. तुमची मुलं किती मोठी आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी इथे एक बाजू घेत नाही.

जुलैबद्दल मात्र ठामपणे नको म्हणेन. कॅलिफोर्नियातल्या नीडल्स गावात आणि मोहावी वाळवंटात तेव्हा पारा ११० फॅरनहाइटच्या वर जातो. अ‍ॅरिझोनात जुलै-ऑगस्ट म्हणजे वळिवासारख्या पावसाचे दिवस, कोरडे ओढे बघता बघता भरून रस्त्यावर येतात. फ्युरीचा एसी आज चालतो की नाही कोण जाणे, आणि चालला तरी उभ्या चढावर तो बंदच ठेवावा लागेल. एप्रिल-मे मध्ये ओक्लाहोमात वादळांचा मोसम असतो. मला सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर सगळ्यात आवडतो. फक्त ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीत बलून महोत्सव असतो, तेव्हा तिथे खोल्या मिळणं मुश्कील. शाळेच्या सुट्टीचं गणित जुळत नसेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्वेकडचा टप्पा करा. जुलैत पश्चिमेला जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. पोलीस असल्याचं भासवणं हा अमेरिकेत सगळीकडे गुन्हा आहे. जुनी पोलीस गाडी बाळगणं हा गुन्हा नाही, हजारो लोक बाळगतात, त्यांची पोलीस कार ओनर्स ऑफ अमेरिका नावाची संघटना आहे. या दोहोंमधली सीमारेषा कुठे, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं, आणि तुम्ही आठ राज्यांतून जाणार आहात. पुढे तोंड केलेले लाल-निळे दिवे कुठे नुसते लावलेले चालत नाहीत, कुठे फक्त पेटवायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर गाडीच्या रंगसंगतीवरही कायदा आहे. व्हेइकल कोडचं २७६०५ कलम पोलिसांसारख्या रंगवलेल्या खासगी गाडीला मनाई करतं, आणि १ जानेवारी १९७९ पर्यंत पहिली नोंदणी झालेल्या गाड्यांना त्यातून सूट देतं. तुमची फ्युरी त्या सुटीत बसेल; कॅप्रिस आणि क्राउन विक काळ्या-पांढऱ्या असतील तर त्या बसणार नाहीत. एकरंगी गाडीला हा त्रास नाही. म्हणून उरलेल्या दोन गाड्या घेताना एकरंगी बघा, पांढरी किंवा गडद निळी. निघण्याआधी आठही राज्यांचे नियम त्या त्या राज्याच्या अधिकृत पानावर स्वतः वाचा, छापून गाडीत ठेवा. माझ्या सांगण्यावर किंवा कुणा मित्राच्या अनुभवावर विसंबू नका, कायदे बदलत असतात.

नियम काहीही असोत, माझ्या ताफ्यातल्या गाडीला मी कडक बाजूनेच तयार करते. छतावरच्या लाइट बारवर (दिव्यांच्या पट्टीवर) अपारदर्शक काळं आवरण, तेही दोरीने बांधलेलं नाही तर शिवून इलॅस्टिक घातलेलं, म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. दिव्यांचा आणि सायरनचा फ्यूज काढून चक्क घरी ठेवायचा, डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही. सायरनच्या स्पीकरची वायर सोडवायची, कारण बारा वर्षांचं पोर कधी कोणतं बटण दाबेल सांगता येत नाही. दारांवरच्या ‘पोलीस’ अक्षरांवर आणि ढालीच्या चिन्हावर चुंबकी शीट. या शीटची एक खोड सांगते: पन्नास मैलांच्या वर वेग गेला की पुढची कड उचलली जाते आणि शीट उडून मागच्या गाडीच्या काचेवर जाते. म्हणून पुढच्या कडेला रंगाऱ्यांची निळी टेप लावायची. आणि रात्री शीट काढून ठेवायची. दिवसभर उन्हात तापलेलं चुंबक रात्रभर तसंच राहिलं तर जुन्या रंगावर त्याचा चौकोन उमटतो, तो पॉलिशनेही जात नाही. मागच्या काचेत ‘सेवेत नाही, खासगी संग्रह’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी, वीस फुटांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

प्रदर्शनाला किंवा गावातल्या गाड्यांच्या मेळाव्याला पोचलात, गाडी उभी केलीत, की खुशाल आवरण काढा, लोकांना बघू द्या, फोटो काढू द्या. रस्त्यावर मात्र झाकलेलीच. गणवेश नको, कमरेचा पट्टा नको, बिल्ला नको, मुलांच्या हातात खेळण्यातली बंदूक किंवा बेड्या तर अजिबात नकोत. आधीच्या मालकाने जुना पोलीस वायरलेस सेट चालू ठेवला असेल तर तो बंद करा, सार्वजनिक सुरक्षेच्या लहरींवर बोलणं हा वेगळा गुन्हा आहे. आपसात बोलायला साधे एफआरएस (कमी पल्ल्याचे) वॉकीटॉकी पुरतात, त्यांना परवाना लागत नाही. दारावरचा स्पॉटलाइट गाडीची शोभा आहे, राहू द्या, पण चालत्या रस्त्यावर कुणावर मारू नका.

तुमच्यातले काही जण व्हिसावर असतील किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत असतील, हे धरून आणखी एक सांगते. इथल्या नागरिकाला जे प्रकरण दंड भरून मिटवता येईल, ते तुम्हाला पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावं लागू शकतं. अशा मंडळींनी निघण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं, आणि त्यांनी शक्यतो क्राउन विक चालवू नये. ती आजही काही ठिकाणी सेवेत दिसते, म्हणून तिच्याबद्दलच गैरसमज सगळ्यात जास्त होतो. फ्युरी कुणाला चालू काळातली वाटत नाही.

एवढं सगळं का, असं वाटेल. एक प्रसंग सांगते. अ‍ॅरिझोनात पीच स्प्रिंग्ज आणि किंगमनच्या मध्ये, दिवस मावळताना, आमच्या पुढच्या गाडीला एका बाईने हात केला. तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखत होतं, पिकअप रस्त्याच्या कडेला होता, आणि फोनला रेंज नव्हती. आम्ही थांबलो, तेव्हा तिथे आणखी एक गाडी थांबलेली होती. त्यातला माणूस त्या नवऱ्याला आपल्या गाडीत घेऊन किंगमनच्या दवाखान्यात न्यायला निघाला होता. आमच्या गाड्या बघितल्या, ‘पोलीस आले, आता काळजी नाही’ असं म्हणाला आणि निघून गेला. आम्ही गाडीतून उतरून ‘आम्ही पोलीस नाही’ म्हणेपर्यंत तो पुढच्या वळणापलीकडे होता. मग आमच्यातली एक गाडी रेंज मिळेपर्यंत पळाली, ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, माणूस वाचला. पण आमच्या गाड्यांच्या नुसत्या दिसण्याने त्याच्यापर्यंत पोचलेली खरी मदत परत गेली होती. गाड्यांवर आवरणं होती, चुंबकी शीट होत्या. संधिप्रकाशात नुसता आकार पुरला.

म्हणून ताफ्यातल्या प्रत्येक चालकाला मी एक गोष्ट आधीच पाठ करून घ्यायला लावते: कुणी हात केला तर गाडी त्याच्यापासून थोडी लांब थांबवायची, काच खाली करायची आणि पहिलं वाक्य ‘आम्ही पोलीस नाही, पण मदत करू’ हेच. ओळख, चौकशी, सगळं त्यानंतर. भांडण किंवा अपघातानंतरची बाचाबाची दिसली तर थांबायचंच नाही, पुढे जाऊन ९११ ला कळवायचं. आणि खऱ्या पोलिसाने थांबवलं तर गाडी बाजूला, इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कागद मागितल्यावरच काढायचे. बहुतेक वेळा ते गाडीबद्दल गप्पा मारायलाच आलेले असतात. त्यांच्यातल्या अनेकांनी त्याच मॉडेलवर नोकरी सुरू केलेली असते. तरी गप्पा त्यांना सुरू करू द्या.

पाचही गाड्या एका रांगेत चालवू नका. पाच पोलीस गाड्या ओळीने आल्या की मागून येणारा ट्रक, समोरचा पिकअप, सगळे एकदम ब्रेक मारतात, आणि इंटरस्टेटच्या तुकड्यांवर त्यातून मागच्या मागे धडका होऊ शकतात. मी दोन आणि तीन असे गट करते, मध्ये पंधरा मिनिटांचं अंतर, आणि दोन पोलीस गाड्यांच्या मध्ये शक्य तेव्हा एखादी साधी गाडी. तुमची सामानाची व्हॅन त्यासाठी उपयोगी पडेल. वळणावर प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या गाडीची वाट बघायची. ती आरशात दिसली की वळायचं. एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला तर कुणी चुकत नाही, आणि सिग्नल तोडून पुढच्याला गाठायची घाई कुणाला होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सुट्या भागांच्या कोणत्याच यादीत सापडत नाही. या रस्त्याच्या आणि पोलिसांच्या आठवणी सगळ्यांसाठी गोड नाहीत. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले होते, दुष्काळाने आणि धुळीने उद्ध्वस्त होऊन आमच्या ओक्लाहोमातून आणि आसपासहून आलेल्या गरीब कुटुंबांना परत हाकलायला. त्यातली कितीतरी कुटुंबं याच रूट ६६ ने गेली होती. कृष्णवर्णीय प्रवाशांना तर रात्र कुठे काढायची, पेट्रोल कुठे मिळेल, हेसुद्धा विचारून निघावं लागे. न्यूयॉर्कचे पत्रवाहक व्हिक्टर ह्युगो ग्रीन यांची ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका १९३६ पासून पुढची तीस वर्षं त्यासाठीच निघत होती. ओक्लाहोमात ल्यूथर गावाजवळ थ्रेट कुटुंबाचा पेट्रोल पंप आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मालकीचा, त्या काळात अशा प्रवाशांचा आधार. तिथे थांबा, मुलांना दाखवा. पण गाडी रस्त्यापलीकडे उभी करून चालत जा. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने तुमच्या फ्युरीकडे बघून तोंड फिरवलं तर त्याच्या मनात काय आलं असेल, हे मुलांना त्या दिवशी समजावून सांगता येईल.

न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनात रस्ता मूळनिवासी जमातींच्या भूमीतून जातो: लगुना प्वेब्लो, नावाहो नेशन, पीच स्प्रिंग्जला वालापाई. तिथे त्यांचे स्वतःचे पोलीस आणि स्वतःचे नियम आहेत. प्वेब्लोंमध्ये, म्हणजे त्यांच्या गावांत, फोटोवर बंधनं असतात, आधी विचारा. त्या पट्ट्यात आवरणं काढायचीच नाहीत, प्रदर्शन असलं तरी.

आता गाड्यांकडे वळू. फ्युरीत आधी बघा की ठिणगीची वेळ ठरवणारा मूळचा ‘लीन बर्न’ कॉम्प्युटर काढून साधं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय का. नसेल तर निघण्याच्या निदान दोन महिने आधी ते करून घ्या आणि तेवढे दिवस गाडी रोज चालवा. मग बॅलास्ट रेझिस्टर. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर बोटाएवढा पांढरा चिनीमातीचा तुकडा असतो, तोच. तो गेला की गाडी चावी फिरवून धरलीत तोवर सुरू होते आणि चावी सोडली की लगेच बंद पडते. लोक फ्युएल पंप (इंजिनाला पेट्रोल पुरवणारा), कॉइल, बॅटरी सगळं बदलून बसतात आणि दोष असतो या थोडक्या डॉलरच्या तुकड्याचा. दोन नग डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्याबरोबरच.

फ्युरीचा दुसरा शत्रू उष्णता. रेडिएटर नुसता धुऊन भागत नाही, दुकानात देऊन आतून साफ करून घ्या. फॅन क्लच, वरचा-खालचा होज, पट्टे, थर्मोस्टॅट, वॉटर पंप हे सगळं चांगलं दिसलं तरी नवं घाला आणि काढलेले पट्टे फेकू नका, तेच तुमचे जादा भाग. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते लवकर उकळतं. जेवायला थांबून अर्ध्या तासाने निघालात की गाडी धडपणे सुरू होत नाही, हे व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होणं. थांबल्यावर बॉनेट उघडं ठेवा, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवून तिला उष्णतारोधक नळकांडं घाला. ओक्लाहोमात इथेनॉल नसलेलं पेट्रोल बऱ्याच पंपांवर मिळतं, फ्युरीला तेच पाजा. फ्लॅगस्टाफजवळ तुम्ही सात हजार फुटांवर असाल. हवा विरळ, कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल ओढणार, ताकद पाचव्या भागाने कमी जाणवेल. तिथे कार्ब्युरेटर पिळत बसू नका, खाली उतरलात की सगळं पूर्ववत होतं.

कॅप्रिसमध्ये कार्ब्युरेटरऐवजी थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी यंत्रणा) असेल, तिचा त्रास कमी. जादा फ्युएल पंप रिले आणि इग्निशन मोड्यूल ठेवा, पुरे. क्राउन विकबद्दल लोक मैल विचारतात, मी तास विचारते. पोलीस गाडी अर्धं आयुष्य एका जागी इंजिन चालू ठेवून उभी असते, आणि असा एक तास साधारण ३३ मैल चालल्यासारखा धरतात. डॅशबोर्डवर तासांचं मीटर असेल तर ते बघूनच भाव करा. राहिलेल्या दोन गाड्याही क्राउन विकच घ्या, म्हणजे तिघींना एकच सुटे भाग चालतील. हे मॉडेल सप्टेंबर २०११ पर्यंत बनत होतं, भाग कोणत्याही गावात मिळतात.

आणि हे सगळ्यात आधी करा, आजच करा: मागची दारं तपासा. पोलीस गाडीची मागची दारं आतून उघडत नाहीत, कैद्यासाठी तशीच बनवलेली असतात. कुठे आतलं हँडलच नसतं, कुठे जोडणीची सळई काढलेली असते, काचा मागून खाली होत नाहीत. मध्ये जाळी असेल तर पुढच्या माणसाचा हातही मागे पोचत नाही. अशा गाडीत मुलं बसवून वाळवंटातून जायचं नाही. जाळी काढा, साधी हँडलं बसवा, सीटबेल्ट नीट लागतात का बघा, प्लॅस्टिकची कैद्याची सीट असेल तर साधी सीट टाका. हे झाल्याशिवाय मी कुणाला ताफ्यात घेत नाही.

टायरवर नक्षी भरपूर दिसते म्हणून फसू नका. बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर मोहावीच्या तापलेल्या रस्त्यावर मी नेत नाही. ब्रेकचं तेल नवं घाला, जुन्या तेलात ओल मुरलेली असते आणि ते उतारावर उकळतं. हे मुद्दाम सांगते ते ओटमनच्या घाटासाठी. किंगमनहून पश्चिमेला गेलात की सिटग्रीव्ह्ज खिंड लागते, सुमारे साडेतीन हजार फूट, कठडे नसलेली अरुंद नागमोडी वळणं. जुन्या काळी काही गाड्या हा चढ उलट्या गिअरमध्ये चढत, कारण त्यांना फ्युएल पंप नव्हता, टाकीतलं पेट्रोल नुसत्या उताराने इंजिनात यायचं. तुमच्यासाठी चढापेक्षा पलीकडचा उतार महत्त्वाचा. गिअर दोनवर किंवा एलवर टाका, ब्रेक धरून ठेवू नका, दाबा आणि सोडा. ब्रेकचा वास आला तर रुंद जागा बघून थांबा. त्यांच्यावर पाणी मात्र ओतू नका. ओटमनमध्ये मोकाट गाढवं खिडकीत तोंड घालतील, मुलं खूश होतील, त्यांना खायला घालू नका.

एवढ्यावरून रोज सकाळी निघण्याआधी काय बघायचं ते असं: आवरणं आणि शीट जागेवर, दिव्यांचे फ्यूज काढलेले, मागची दारं आतून उघडतात, कूलंट आणि तेल थंड इंजिनवर तपासलेलं, टायरची हवा, प्रत्येक गाडीत किमान दोन गॅलन पिण्याचं पाणी. दहा मिनिटांचं काम आहे.

कागदपत्रांत दोन अडचणी येतात. इलिनॉयमध्ये साध्या अँटिक (जुन्या गाडीच्या) नंबरप्लेटवर गाडी प्रदर्शनाला किंवा दुरुस्तीला नेण्यापुरतीच चालवता येते, लांबच्या सहलीसाठी ‘एक्सपांडेड यूज’ प्रकारची किंवा नेहमीची प्लेट हवी. आणि संग्राहकांच्या विमा पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते. कंपनीला ‘बहुराज्यीय सहल, अमुक तारखा’ असं लेखी कळवा आणि लेखी होकार मिळवा. फोनवरचा होकार अपघातानंतर कामाला येत नाही.

थांबे तुम्ही ठरवालच, तरी पोलीस गाड्यांसाठी एक सुचवते. इलिनॉयमध्ये पाँटिअ‍ॅकला राज्य पोलिसांचं १९४१ सालचं जुनं कार्यालय आहे, गोलाकार कोपऱ्यांची त्या काळातली देखणी इमारत. वरून बघितलं तर तिचा आराखडा पिस्तुलासारखा दिसतो म्हणतात. तिच्यासमोर फ्युरीचा फोटो काढा. त्याच गावात रूट ६६ चं संग्रहालय आहे. टेक्सासमधलं एड्रियन गाव या रस्त्याचा मध्य मानलं जातं. टुकमकारीत निऑनच्या पाट्या रात्री बघायच्या, म्हणून मुक्काम तिथेच टाका. सेलिगमनला एंजल डेलगाडिलो यांचं जुनं केशकर्तनालय आहे, १९८७ मध्ये त्यांनी आणि गावकऱ्यांनी संघटना काढली म्हणून अ‍ॅरिझोनातला रस्ता वाचला. कॅलिफोर्नियात अँबॉयच्या आसपास जुन्या लाकडी पुलांमुळे रस्त्याचे तुकडे बंद असतात, आदल्या रात्री सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या पानावर बघून घ्या, नाहीतर चाळीस-पन्नास मैल परत यावं लागेल आणि तिथे पेट्रोल सहजी मिळत नाही.

शेवटचं सँटा मोनिकाचं. तिथल्या बंद पार्किंगमध्ये छत खूप खाली असतं, लाइट बार घासला जातो, तेव्हा उघडी जागा आधीच शोधून ठेवा. परतीला गाड्या चालवत आणू नका, माणसं तोवर दमलेली असतात. ट्रान्सपोर्टवाल्याकडे पाचही गाड्यांचं बुकिंग निघण्यापूर्वीच करा, आणि उंची सांगताना लाइट बारसकट मोजून सांगा. नुसतं मॉडेलचं नाव सांगितलंत तर तो मूळ गाडीची उंची धरतो आणि तुमची फ्युरी दुमजली ट्रेलरच्या खालच्या मजल्यात शिरत नाही.